दाताच्या क्लिनिकमधलं सक्शन पुन्हा पुन्हा बसतंय? सेपरेटर काढण्याआधी हे तपासा

सेपरेटर म्हणजे सक्शनच्या पाण्यातली दाताच्या चांदीची (अमाल्गमची) भुकटी गटारात जाण्याआधी अडवणारं यंत्र. खालच्यापैकी एखादी गोष्ट तुमच्या क्लिनिकमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी होत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- तळहाताला लावली की पूर्वी चिकटून बसणारी मोठी सक्शनची नळी आता नुसती फुरफुरते.
- सकाळी ओढ चांगली असते, जेवणाच्या सुट्टीनंतर उतरते.
- एकाच खुर्चीवर ओढ कमी, शेजारची खुर्ची झकास.
- लाळेच्या नळीत पाणी गुरगुरत थांबतं, कधी मागे येतं.
- सेपरेटरपाशी बारीक शिट्टी ऐकू येते किंवा डब्याखाली ओल दिसते.
- डब्यात पाण्यावर फेस तरंगतो.
- खुर्चीत बसवलेल्या सेंट्रीफ्यूजचा (पाणी गरगर फिरवून गाळ वेगळा करणाऱ्या सेपरेटरचा) इशारा-दिवा लागतो, बझर वाजतो, सक्शन आपोआप थांबतं.

आणखी एक लक्षण आहे, ज्यासाठी मला आजवर एकही फोन आलेला नाही. सक्शन उत्तम चालू आहे, पेशंट रोज येतायत, पण डब्यातला गाळ सहा महिन्यांत इंचभरही वाढलेला नाही. माझ्या मते या यादीतलं सगळ्यात गंभीर लक्षण हेच. त्याच्याकडे पुढे येतोच.

मी १८ वर्षं डेंटल खुर्च्या, कॉम्प्रेसर आणि सक्शन दुरुस्त करतोय, बहुतेक काम पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात. आपल्याकडे अमाल्गम सेपरेटर अजून थोड्याच क्लिनिकमध्ये आहेत, पण जिथे आहेत तिथून सोमवारी सकाळी ठरलेला फोन येतो: ‘दादा, सक्शन परत गेलं. तो सेपरेटर काढून सरळ पाइप जोडू का?’ सोमवारच का? शनिवारी रात्री घाईत नळ्या धुतल्या जात नाहीत. आतली लाळ, रक्त आणि पॉलिशची पेस्ट रविवारभर वाळून चिकटते. त्यात सेपरेटरचा दोष काहीच नसतो. तो लाइनमध्ये नवा असतो म्हणून आळ त्याच्यावर येतो.

आत नेमकं काय चालतं

दोन मिनिटं हे वाचा, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी का करायची ते आपोआप कळेल.

दाढेत पूर्वी भरलेली चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. ‘आम्ही आता चांदी भरतच नाही’ असं बरेच डॉक्टर सांगतात. बरोबर आहे, पण जुनी चांदी काढता ना? ती काढताना टर्बाइनखाली (दात कोरायच्या वेगवान ड्रिलखाली) तिची पीठासारखी भुकटी होते आणि लाळ-पाण्याबरोबर सक्शनमध्ये जाते. जाड तुकडे खुर्चीतल्या जाळीत अडकतात, पीठ पुढे जातं.

अमाल्गम पाण्याच्या दहापट जड. त्यामुळे वाहतं पाणी संथ केलं की ते तळाला बसतं. साध्या डब्याच्या सेपरेटरमध्ये एवढंच होतं: अरुंद पाइपातून आलेलं मिश्रण एका रुंद जागेत उतरतं, हवा वरून पंपाकडे निघून जाते, पाणी खाली डब्यात थबकतं, गाळ बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी पुढे जातं. दुसऱ्या जातीत मोटर ते पाणी गरगर फिरवते आणि जड कण भिंतीकडे फेकले जातात. काही मॉडेल्समध्ये शेवटी फिल्टरही असतो. आयएसओ १११४३ या मानकानुसार चाचणीत यंत्राने वजनाने किमान ९५ टक्के अमाल्गम अडवलं पाहिजे.

म्हणजे या डब्याला दोन गोष्टी लागतात, संथ पाणी आणि खाली रिकामी जागा. बिघाड होतो तो यातलं एक हिरावल्यामुळे, किंवा डब्याशी काही संबंध नसलेल्या कारणामुळे. दुसऱ्या प्रकारचे बिघाड कितीतरी जास्त.

पहिला प्रश्न: एक खुर्ची की सगळ्या?

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे पाहा, खर्च शून्य. एकाच खुर्चीवर ओढ कमी असेल, तर दोष त्या खुर्चीत किंवा तिच्यापासून मुख्य लाइनपर्यंतच्या पाइपात आहे. सामाईक सेपरेटर आणि पंप दोघेही सुटले. सगळ्या खुर्च्या एकदम बसल्या असतील, तर खुर्च्या सोडून द्या आणि थेट सेपरेटरच्या तपासणीवर या. एकच खुर्ची असलेल्या क्लिनिकला ही सोय नाही, त्यांनी क्रमाने जावं.

टोक, व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग

नळीच्या हँडलमधला उघडझाप करणारा व्हॉल्व्ह काढून हातात घ्या. त्यावरच्या काळ्या रबरी ओ-रिंग ऑटोक्लेव्हच्या (उपकरणं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेने कडक होतात, चिरा पडतात. मग बंद व्हॉल्व्हमधूनही हवा शिरत राहते आणि तेवढी ओढ दुसऱ्या नळ्यांना कमी मिळते. खुर्चीवर वापरात नसलेली नळी कानाला लावा, ‘सुस्स’ आवाज आला तर चोर सापडला. ओ-रिंग अगदी स्वस्तात मिळते. नवी बसवताना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलीन लावू नका, त्याने रबर फुगतं.

लाळेच्या नळीतून पाणी मागे येतं ते बहुतेकदा पेशंटने तिच्याभोवती ओठ घट्ट मिटल्यामुळे. आधीच्या पेशंटची घाणही त्या पाण्याबरोबर येऊ शकते, म्हणून ‘ओठ मिटून थुंकी ओढा’ असं कुणालाही सांगू नका.

खुर्चीतली जाळी

झाकण फिरवून जाळी वर काढा. परवाच एका ठिकाणी काढली, तर वर गुलाबी अल्जिनेटची (दातांचं माप घ्यायच्या मसाल्याची) पापडी बसलेली, तिच्याखाली कापसाचे धागे गुंतलेले, आणि तळात चिमूटभर करडे चमकदार कण. वरच्या पापडीने सक्शन अडवलं होतं. ते करडे कण म्हणजे अमाल्गम.

इथे जवळजवळ प्रत्येक क्लिनिकमध्ये एकच चूक होते: असिस्टंट ताई जाळी बेसिनमध्ये आपटून धुतात. बेसिनचं पाणी सेपरेटरमधून जातच नाही, म्हणजे जाळीने अडवलेली चांदी आपण हाताने गटारात सोडली. जाळी हातमोजे, मास्क आणि चष्मा घालून काढा, तिच्यातलं सगळं झाकणाच्या घट्ट डब्यात रिकामं करा. वापरून टाकण्याची जाळी मिळत असेल तर तीच वापरा, जुनी जशीच्या तशी त्या डब्यात जाते. जाळी किंवा चांदी भरलेला काढलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये कधीही घालू नका. उष्णतेने पाऱ्याची वाफ होते आणि ती खोलीतल्या सगळ्यांच्या श्वासात जाते.

नळ्या धुणं, आणि हायपोचा प्रश्न

जाळी साफ असूनही एका खुर्चीची ओढ कमी असेल, तर नळीच्या आत थर बसलाय. नळी उजेडाकडे धरून वाकवून पाहा, भिंतीला बुळबुळीत राखाडी थर दिसेल. कोमट पाण्याचा मग घ्या, नळीचं टोक त्यात बुडवा, उचला, परत बुडवा. पाणी आणि हवा आळीपाळीने गेल्यावर आत खळबळ होते आणि थर सुटतो. एकसलग पाणी ओढलं तर ते थरावरून गुळगुळीत निघून जातं. रोज संध्याकाळी प्रत्येक नळीला असा अर्धा-एक लिटर दिला, तर सोमवारचे बहुतेक फोन येणारच नाहीत. पाणी उकळतं नको, कारण वाटेत पारा आहे.

आता औषध कोणतं घालायचं? सांगून थकलो तरी हे परत सांगणार: हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) नाही, ब्लीच नाही, पेरॉक्साइड नाही, अ‍ॅसिड तर नाहीच. कारण साधं आहे. सेपरेटर घन कण पकडतो. क्लोरीनसारखं ऑक्सिडायझर त्या कणांतला पारा विरघळवतं, आणि विरघळलेला पारा गाळासारखा तळाला बसत नाही, पाण्याबरोबर सरळ गटारात जातो. महिनाभर जमवलेला गाळ एका बाटलीने अंशतः धुऊन निघू शकतो. आरसीटी (रूट कॅनाल) करताना सिरिंजने वापरलेला थोडा हायपो सक्शनमध्ये जातो, तो टाळता येत नाही आणि त्याच्यामागे लागू नका. दर शनिवारी ‘वास येतो म्हणून’ नळीत ओतली जाणारी बाटली मात्र आजच थांबवा. बाटलीवर पीएच ६ ते ८ च्या दरम्यान लिहिलेलं, सेपरेटरला चालतं असं स्पष्ट छापलेलं, फेस न करणारं क्लीनर घ्या.

फेसाचं दुखणं वेगळंच आहे. फिनेल किंवा भांडी घासायचं लिक्विड नळीत गेलं की डब्यात साबणाचा फुगा तयार होतो. फेस हलका, तो हवेच्या वाटेने पंपाकडे जातो आणि बारीक कण उचलून नेतो. कोरड्या (पाण्याशिवाय चालणाऱ्या) पंपात तो शिरला तर बेअरिंगची वाट लागते. डब्यात फेस दिसला तर डबा बदलू नका, आधी साफसफाईच्या कपाटात काय ठेवलंय ते बघा.

डब्याची पातळी

सगळ्या खुर्च्यांवर ओढ कमी असेल तर तुमची सुरुवात इथून.

पंप बंद करा. दहा मिनिटं थांबा, पाणी खाली उतरू द्या. डब्यामागे टॉर्च धरा. तळाशी गाळाचा दाट थर दिसेल आणि त्याच्यावर गढूळ पाणी. डब्यावर छापलेल्या रेषेशी तुलना करायची ती त्या घट्ट थराची. वरच्या पाण्याची पातळी पाहून ‘भरला’ म्हणत चांगले डबे फेकलेले मी पाहिले आहेत. सेंट्रीफ्यूजवाल्यांना टॉर्च लागत नाही: ९५ टक्क्यांना पहिला इशारा मिळतो, १०० टक्क्यांना यंत्र काम थांबवतं. तो दिवा रीसेट करकरून पुढे चालवू नका.

रेषेपर्यंत गाळ आला असेल तर डबा बदला. नसला आला, पण १२ महिने झाले असतील, तरी बदला. आतल्या सील आणि फिल्टरवर जंतूंचा थर चढून वाट अरुंद झालेली असते, ती बाहेरून दिसत नाही. नवा डबा बसवताना मार्करने तारीख लिहा, अगदी ठळक. डबा तीन महिन्यांतच भरत असेल तर तो चांदीने भरलेला नाही हे नक्की समजा. पॉलिशिंगची प्युमिस आणि प्रॉफी पेस्ट भरमसाट जातेय.

आता ते न बोलणारं लक्षण. बऱ्याच सेपरेटरमध्ये आत बायपास असतो. डबा भरला किंवा वाट तुंबली तर पेशंटवर काम करताना सक्शन बंद पडू नये म्हणून मिश्रण वरच्या वाटेने सरळ पंपाकडे जातं. सोय चांगली आहे, पण मग सक्शन जोरात चालतं आणि सगळी चांदी गटारात जाते. ओढ चांगली आहे एवढ्यावरून सेपरेटर काम करतोय असं कधीच धरू नका. महिन्यातून एकदा टॉर्च लावून गाळ पाहणं हाच पुरावा.

रात्री पंप बंद होतो का?

ही तपासणी कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि ‘दुपारनंतर ओढ उतरते’ या तक्रारीमागे मला ती अनेकदा सापडली आहे. डब्याच्या काही सेपरेटरमध्ये दिवसभराचं पाणी वरच्या कप्प्यात साठतं आणि पंप थांबून व्हॅक्युम सुटला की स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. पंप थांबलाच नाही तर कप्पा रिकामा होत नाही.

तीन खुर्च्यांच्या एका क्लिनिकमध्ये मी दोनदा डबा बदलला आणि दोन्ही वेळा आठवड्यात तीच तक्रार आली. तिसऱ्यांदा संध्याकाळी उशिरापर्यंत मुद्दाम थांबलो. सगळे दिवे मालवले, शटर अर्धं ओढलं, तरी मागच्या खोलीतून घूं घूं आवाज येतच होता. फर्निचरच्या नव्या कामात पंपाचं बटण कपाटामागे गेलं होतं, म्हणून ते कुणी बंदच करत नव्हतं. बटण पुढे घेतलं, काम संपलं. त्याच क्लिनिकमध्ये जेवणाच्या सुट्टीतही पंप बंद ठेवायला सांगितलं, कारण तिथे दिवसाला पाणी जास्त जातं.

शिट्टी आणि ओल

डबा बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शिट्टी सुरू झाली असेल, तर डबा तिरका बसलाय किंवा ओ-रिंग खाचेतून निसटली आहे. पंप बंद करून डबा उतरवा, ओ-रिंग पुसा, बोट फिरवून कचरा नाही ना ते पाहा, ग्रीस लावा, सरळ वर दाबून बसवा. शिट्टी पाइपाच्या सांध्यातून येत असेल तर टेपने वेळ मारून नेता येते, पण तो सांधा कापून नव्याने चिकटवावा लागणार.

गेज लावून खरा निकाल

इथवर काही सापडलं नाही तर सेपरेटरच्या आधी एक आणि नंतर एक व्हॅक्युम गेज हवा. बऱ्याच ठिकाणी जोडायची जागा दिलेली असते. नसेल तर लाइनला भोक पाडायचं काम टेक्निशियनकडेच द्या.

सगळ्या नळ्या बंद ठेवून गेज पाहिलं, तर डबा तुंबलेला असतानाही दोन्ही काटे जवळपास सारखेच दिसतात. हवा वाहतच नसते, मग अडथळा दिसणार कसा? म्हणून दोन मोठ्या नळ्या पूर्ण उघडा आणि मग वाचा.

पंपाकडचा काटा चांगला आणि खुर्चीकडचा पडलेला, तर अडथळा सेपरेटरमध्ये आहे. दोन्ही पडलेले, तर पंप. दोन्ही चांगले आणि तरीही नळी ओढत नाही, तर खुर्ची ते सेपरेटर यातला पाइप तुंबलाय. सेपरेटर बसवला त्या दिवसाचे दोन्ही आकडे पाइपावर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्यांच्याशी तुलना करायची. दुसऱ्या क्लिनिकच्या आकड्यांचा तुम्हाला उपयोग नाही, प्रत्येकाचा पंप आणि पाइपाची लांबी वेगळी.

पंपापाशी फक्त एवढंच बघा

पाण्यावर चालणारा पंप असेल तर पाणी येतंय का बघा. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून इनलेटची जाळी बंद होते, पंपाच्या आत ओढ निर्माण करणारी पाण्याची रिंग बनत नाही, ओढ जाते. जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, पण बाहेर, वेगळ्या भांड्यात. बाहेर जाणाऱ्या हवेच्या पाइपाच्या तोंडाशी गांधीलमाशीचं घर किंवा पक्ष्याचा काडीकचरा नाही ना पाहा.

थ्री फेज पंप असेल आणि इमारतीत वीज लाइनचं काम झाल्यावर सगळीकडची ओढ एकदम गेली असेल, तर फेज उलटले असण्याची दाट शक्यता आहे. मोटर उलटी फिरते, आवाज येतो, ओढ मिळत नाही. पंपावरचा बाण पाहा, पंप थांबता थांबता पंख्याची दिशा बघा. उलटी असेल तर पंप बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

इथे हात आवरा

डब्याला तडा गेलाय, गाळ सांडलाय किंवा पाऱ्याचे चकाकते थेंब दिसतायत: खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, झाडू किंवा व्हॅक्युम क्लीनर लावू नका, त्याने पारा अधिक पसरतो आणि वाफ होते. पंप पुन्हा पुन्हा ट्रिप होतोय, जळका वास येतोय, कोरड्या पंपाच्या हवेच्या पाइपातून पाणी येतंय, सेंट्रीफ्यूज घरघरतंय, किंवा फरशीखालचा पाइप तुंबलाय: मेन बंद करा आणि कंपनीच्या टेक्निशियनला बोलवा. फरशीखालच्या पाइपात तार किंवा ड्रेन क्लीनर घालू नका. वर्षानुवर्षांचा पारा त्या वळणांमध्ये बसलेला असतो, तो एकदम मोकळा होतो. सेंट्रीफ्यूजचं झाकण स्वतः उघडायचं नाही, आणि भरलेला डबा ‘आत काय आहे बघू’ म्हणूनही उघडायचा नाही.

सरळ पाइप जोडून सेपरेटर बाजूला काढायला कुणी सांगितलं, तर मी ते काम घेत नाही. आमच्या पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि उजनीत जातं. तिथली चिलापी आपण आवडीने खातो. नदीच्या गाळात गेलेल्या पाऱ्याचं जंतू मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांमधून माणसात येतं. जपानमधल्या मिनामाता गावात हेच विष एका कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत गेलं आणि हजारो माणसं आयुष्यभरासाठी जायबंदी झाली. त्याच गावाच्या नावाचा पाऱ्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानेही तो मान्य केला. युरोपात १ जानेवारी २०१९ पासून अमाल्गम हाताळणाऱ्या दवाखान्यांना सेपरेटर सक्तीचा आहे. अमेरिकेत जुन्या क्लिनिकना १४ जुलै २०२० पर्यंतची मुदत होती.

काढलेला डबा बरोबर आलेल्या झाकणाने बंद करा, मूळ खोक्यात उभा ठेवा, वर ‘अमाल्गम गाळ, पारा’ आणि तारीख लिहा. दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकू नका, ती जाळायला जाते. ज्याच्याकडून सेपरेटर घेतला तो रिसायकलिंगसाठी परत घेतो का हे खरेदीच्या वेळीच लेखी विचारा. घेत नसेल, तर घातक कचऱ्याची परवानगी असलेल्या संस्थेची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात मिळते. डबा देताना पावती घ्या आणि सेपरेटरच्या फाइलमध्ये लावा.